घरघंटी निकाली निघाली

आमच्या घरघंटीनं मला अनधिकृत म्हटलं, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे थेट मला नाही, श्याम मेकॅनिकनं बसवलेल्या पार्टला म्हटलं. पण श्यामला घरात मी आणला होता, त्यामुळे तो शब्द मी स्वतःला लावून घेतला. एकोणतीस वर्षं केंद्र सरकारात काढलेल्या माणसाला काहीही म्हणा, अनधिकृत म्हणू नका. माझं क्वार्टर अधिकृत, माझी रजा अधिकृत, माझा तापसुद्धा प्रमाणपत्र जोडून अधिकृत. आणि हे कमरेएवढं पिठाचं यंत्र, सरोजिनी नगरच्या माझ्याच बाल्कनीत उभं राहून, गोड बायकी आवाजात मला सुनावतं, "अनधिकृत पुर्ज़ा पाया गया. कृपया अधिकृत सेवा केंद्र से संपर्क करें."

झालं होतं एवढंच, की झाकणाखाली नखाएवढा एक सेन्सर असतो. झाकण नीट बसलंय की नाही हे तो आतल्या कॉम्प्युटरला कळवतो. तो गेला. मार्केटच्या मागच्या गल्लीत बसणाऱ्या श्यामनं हुबेहूब तसाच सेन्सर आणला, दहा मिनिटांत बसवला आणि बटण दाबलं. तेव्हा बाई वरचं वाक्य बोलल्या आणि सगळे दिवे लाल झाले. श्यामनं तीनदा उघडलं, तीनदा लावलं. मग हात पुसत म्हणाला, "साब, पुर्ज़ा सही है, मोटर सही है, बस मशीन मान नहीं रही. आजकल मशीन ठीक करना आसान है, मनाना मुश्किल है."

हे ऐकून माझी बायको अलकनंदा वेताच्या मोड्यावर बसली. ती अशी मधेच कधी बसत नाही, म्हणून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

गांभीर्य अठ्ठावीस किलोंचं होतं. आमच्या मराठी मंडळात दरवर्षी दिवाळीचा फराळ पुण्याहून रेल्वे पार्सलनं यायचा. तो मागवण्याचं खातं अहिल्याताईंकडे. चकल्या निझामुद्दीन स्टेशनला पोचेपर्यंत त्यांचा चुरा झालेला असायचा आणि आम्ही तो चमच्यानं खायचो. यंदा सभेत अलकनंदा उभी राहिली आणि म्हणाली, "दिल्लीतल्या मराठी माणसांनी दिल्लीत केलेली चकली खावी. चकल्या माझ्याकडे लागल्या." अहिल्याताई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "कर हो. नाही जमलं तर आयत्या वेळी सांगू नकोस म्हणजे झालं." ते हसू अलकनंदा घरी घेऊन आली आणि त्यावर तिनं चार दिवस तांदूळ, डाळी, धने, जिरे भाजले. अठ्ठावीस किलो. डबे भरले, पहिले दोन किलो दळले आणि सेन्सर गेला. धनत्रयोदशीला डबे वाटायचे होते. त्याला सतरा दिवस होते.

ज्यांना भाजणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: भाजलेलं धान्य फार दिवस पडून राहिलं की त्याचा वास उडतो. वास उडालेल्या भाजणीची चकली म्हणजे नुसतं तळलेलं वेटोळं. हे मी बोललो नव्हतो, अलकनंदा बोलली होती, आणि बोलताना ती डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा घट्ट करत होती.

मी ताबडतोब पीसोमॅटिक कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगा बोलला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की नवा सेन्सर कॉम्प्युटरनं ओळखायचा तर त्याला एक कोड द्यावा लागतो. तो कोड फक्त कंपनीच्या माणसाच्या मोबाइलमधून निघतो. आणि कंपनीचा माणूस बाविसाव्या दिवशी येईल. शिवाय तुम्ही बाहेरच्या माणसाला यंत्र उघडू दिलंत, तेव्हा वॉरंटी संपली. मी विचारलं, "यंत्र कुणाचं आहे?" तो म्हणाला, "सर, आपही का है." मी म्हटलं, "मग ते माझं का ऐकत नाही?" तो म्हणाला, "सर, आपकी भावना मैं आगे पहुँचा दूँगा." भावना पुढे पाठवणं हे आमच्या ऑफिसातलं वाक्य. ते बाहेर गेलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाजी म्हणाल्या, "भाई साहब, यंत्राला चोवीस तास पूर्ण बंद ठेवा, राग उतरतो." ठेवलं. राग उतरला नाही. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, धने-जिऱ्याचा वास लागला की मग आठवडाभर त्याच्या गिऱ्हाइकांच्या रोट्यांना वास येतो. तो फक्त गहूच दळणार. जवळच्या कोटला वस्तीत एक चक्कीवाला तयार झाला. त्यानं आमच्याआधी सुक्या मिरच्या दळल्या होत्या, हे आम्हाला घरी आल्यावर दोन किलो भाजणीच्या रंगावरून आणि माझ्या शिंकांवरून कळलं. मिक्सरमध्ये करून पाहिलं. मिक्सर जळाला. तो मात्र श्यामनं अर्ध्या तासात नीट केला, कारण आमचा मिक्सर एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला कुणी बोलायला शिकवलेलं नाही.

फरीदाबादहून राजाभाऊ आले. राजाभाऊ मंडळाचे जुने सभासद, उभं आयुष्य तिथल्या कारखान्यात काढलेलं. कुठलंही यंत्र दिसलं की ते आधी त्याला कान लावतात. त्यांनी घरघंटीला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं, "शांताराम, ही बिघडलेली नाही. ही अडून बसली आहे."

"ते श्यामनं पण सांगितलं," मी म्हटलं.

"त्यानं अंदाजानं सांगितलं. मी अनुभवानं सांगतोय."

त्या शनिवारी आमची मुलगी संपदा गुरुग्रामहून आली. ती तिथं काचेच्या एका मनोऱ्यात नोकरी करते आणि मराठी बोलताना मधेच अडखळून हिंदीचा हात धरते. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, यार, ह्याला राइट टू रिपेअर म्हणतात. आपली चीज आपण किंवा आपल्या मर्जीच्या माणसानं दुरुस्त करायचा हक. लोक ह्यासाठी लडतायत. फोन, ट्रॅक्टर, प्रिंटर, सगळ्यांत हेच आहे. सॉफ्टवेअरनं ताला लावून ठेवतात."

मला एकदम आत काहीतरी लख्ख झालं. आमच्या अपमानाला नाव होतं, आणि ते इंग्रजीत होतं, म्हणजे त्यावर टिप्पणी लिहिता येणार होती. मी त्याच बैठकीत निवेदनाचा मसुदा लिहायला घेतला. मसुदा हा माझा प्रांत. 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने' असं लिहिलं की माझा खांदा आपोआप सरळ होतो. रात्रीच्या जेवणापर्यंत सात पानं आणि परिशिष्ट क तयार झालं. परिशिष्ट ख साठी पुरावे गोळा करायचे होते, म्हणून ती जागा मोकळी सोडली.

अडचण एकच. सरकारी नोकरानं कुठल्याही चळवळीत पुढं व्हायचं म्हणजे आचरण नियम आडवे येतात. म्हणून 'दुरुस्ती हक्क कृती समिती, सरोजिनी नगर व परिसर' स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष राजाभाऊ, सचिव अलकनंदा, आणि मी अनौपचारिक मार्गदर्शक. अनौपचारिक मार्गदर्शक म्हणजे सगळं करायचं आणि फोटोत यायचं नाही.

पहिली सभा रविवारी सकाळी अकराला आमच्या दिवाणखान्यात. निरोप कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचं काम चंद्रप्रभाजींनी आपणहून घेतलं. मी त्यांना सात पानं वाचायला दिली होती. त्यांनी ती वाचून त्यांचं सार एका ओळीत काढलं: 'आजगावकर साहब के घर रविवार को मरम्मत. अपना ख़राब सामान साथ लाएँ.'

अकराला दहा कमी असताना जिन्यात रांग लागली होती. इस्त्र्या, गीझर, टेबलफॅन, एक शिलाई मशीन, एका आजोबांचं कानातलं यंत्र. एका सरदारजींनी दोन पोरांच्या मदतीनं अख्खा टीव्ही आणला होता. मी दारात उभा राहून हात जोडून सांगत होतो की ही वैचारिक सभा आहे. "वो तो ठीक है जी," सरदारजी म्हणाले, "पर टीवी कहाँ रखूँ?"

शेवटी श्यामला बोलावलं. तो जिन्याच्या वळणावर फतकल मारून बसला आणि दुपारपर्यंत त्यानं चौदा वस्तू चालू केल्या. मला मनातून राग आला होता, पण खरं सांगायचं तर चळवळ उभी राहिली ती तिथंच. कारण नऊ वस्तू अशा निघाल्या की श्यामनं दुरुस्त करूनही त्या चालू होईनात. दुसऱ्या शाईचं तोंड न बघणारा प्रिंटर, दिवस मोजून पाणी बंद करणारा प्युरिफायर, आणि आजोबांचं कानातलं यंत्र, ज्यात बॅटरी बाहेरची घातली होती म्हणून ते मुकं झालं होतं. आजोबा नुसते हसत राहिले, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं. अलकनंदा त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. नंतर तिनं स्वतःच्या हातानं त्या नऊ वस्तू वहीत लिहिल्या. परिशिष्ट ख भरलं.

आता निवेदन पाठवायचं. संपदानं ते सरकारच्या तक्रारींच्या वेबसाइटवर अलकनंदाच्या नावानं चढवलं. तिथं विषय यादीतून निवडायचा असतो. यादीत विमानाच्या जेवणापासून मधमाश्यांपर्यंत सगळं होतं, घरघंटी नव्हती. संपदानं वैतागून 'खाद्य प्रसंस्करण यंत्र – अन्य' निवडलं. मी म्हटलं, योग्य जागी जाईल. सरकारी व्यवस्थेवर माझा विश्वास आहे. आतला माणूस आहे मी.

आता माझ्या ऑफिसबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मंत्रालयाचं नाव सांगत नाही. तिथं मी संकीर्ण अनुभागाचा अनुभाग अधिकारी आहे. संकीर्ण म्हणजे जे कुणाचंच नाही ते. एखादा कागद चार टेबलं फिरून दमला की आमच्याकडे येऊन बसतो. आणि दर महिन्याच्या अखेरीला आमच्याकडे एक सोहळा असतो, प्रलंबित शून्य. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सहाला ज्याच्या नावावर एकही तक्रार शिल्लक नाही, त्याचा सत्कार.

त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला माझ्या नावावर त्रेसष्ट तक्रारी होत्या. अशा वेळी अनुभवी माणूस गडबडत नाही. स्क्रीनवर नुसते क्रमांक आणि विषय दिसतात. मी वरच्या चौकोनात टिचकी मारली, त्रेसष्टच्या त्रेसष्ट निवडल्या, आणि खाली निकाली काढायचं माझं ठेवणीतलं वाक्य घातलं: 'विषय इस अनुभाग से संबंधित नहीं है, अतः प्रकरण निस्तारित किया जाता है.' हे वाक्य मी दोन हजार चौदा साली स्वतः घडवलं. त्यात कुणाला दुखावणारं काही नाही आणि कुणाला उपयोगी पडेल असंही काही नाही. साडेपाचला मी शून्यावर होतो. सहाला सहसचिव मॅडमनी मला प्रशस्तिपत्र आणि तुळशीचं रोप दिलं.

रोप हातात घेऊन मी ऑटोनं घरी आलो. दिवाणखान्यात समितीची बैठक चालू होती. राजाभाऊ, चंद्रप्रभाजी, संपदा, श्याम, कानातल्या यंत्राचे आजोबा. सगळे अलकनंदाच्या मोबाइलकडे बघत होते. मी प्रशस्तिपत्र असं धरलं की दारातूनच वाचता यावं.

"उत्तर आलं," अलकनंदा म्हणाली.

"इतक्या लवकर? बघ, मी म्हणत होतो."

तिनं वाचलं. हळू, एकेक शब्द सुटा करून. विषय इस अनुभाग से संबंधित नहीं है. माझ्या हातातलं रोप जरा कलंडलं. मग तिनं खालची ओळ वाचली: "निस्तारणकर्ता, शांताराम आजगावकर, अनुभाग अधिकारी."

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे इतक्या सहानुभूतीनं बघितलं, की तसं घरघंटीकडेही कधी बघितलं नव्हतं. श्यामला वाटलं काहीतरी चांगलं झालं असावं, म्हणून तो म्हणाला, "साब ने ख़ुद किया?" संपदानं त्याच्या कानात समजावलं आणि तो हातातला पेचकस न्याहाळायला लागला.

मी खुलासा करायला लागलो. त्रेसष्ट होत्या, नुसते क्रमांक दिसतात, नावं दिसत नाहीत, महिनाअखेर होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वाक्यानं मी जास्त खोल जातोय. नावं दिसत नव्हती म्हणजे उरलेल्या बासष्टही कुणाच्या तरी बायका होत्या.

अलकनंदा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं रोप घेतलं, बाल्कनीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'अनुभाग अधिकारी महोदय' म्हणायला लागली. सकाळी मी चहा मागितला तर म्हणाली, "महोदय, विषय या स्वयंपाकघराशी संबंधित नाही." दुपारी डब्यात चटणी नव्हती. संध्याकाळी ती भाजणीच्या डब्याचं झाकण उघडून वास घेत उभी होती. मी मागे येऊन उभा राहिलो. ती वळली नाही. म्हणाली, "अहिल्याताईंना फोन करून सांगू का, पुण्याला ऑर्डर द्या म्हणून? अजून आठ दिवस आहेत. पार्सल पोचेल." मला इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, "दोन दिवस थांब."

सकाळी सव्वानऊला ऑफिसात पहिला मी. तक्रार पुन्हा उघडायची, आपली चूक दुरुस्त करायची, एवढं सोपं काम. क्रमांक घातला. स्क्रीननं उत्तर दिलं, की निस्तारित प्रकरण निस्तारणकर्त्याला उघडता येत नाही. प्राधिकृत तांत्रिक व्यक्तीशी संपर्क करा. प्राधिकृत तांत्रिक व्यक्तीला फोन लावला. ती व्यक्ती दिवाळी आणि छठपूजेची जोडून रजा घेऊन आधीच गावी गेली होती आणि पासवर्डही तिच्याबरोबर गेला होता. मी त्या स्क्रीनकडे बघत बसलो. चूक माझी, हात माझे, दुरुस्त करायची इच्छा माझी, आणि यंत्र म्हणतं तुम्हाला अधिकार नाही. आता मात्र माझं डोकं फिरलं.

मी कागद घेतला. एकोणतीस वर्षांत न लिहिलेलं वाक्य पहिल्या ओळीत लिहिलं: 'सदर प्रकरण मी न वाचता निकाली काढले. ही माझी चूक आहे.' अर्थात हिंदीत लिहिलं. खाली सात पानं जोडली आणि दोन्ही परिशिष्टं. सगळं हातानं, कारण आमच्या अनुभागाचा प्रिंटर तीन महिने शाई अनधिकृत आहे म्हणून बंद होता. माझा सहायक अंशुमन घाबरून म्हणाला, "सर, चूक नहीं लिखते. पुनर्विचार लिखिए. चूक का कोई फॉर्मेट ही नहीं है." मी म्हटलं, "आता आहे."

सहसचिव मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं तुळस परत मागतात. त्यांनी विचारलं, "इसमें प्रिंटर भी आता है?"

"परिशिष्ट ख, क्रमांक तीन," मी म्हटलं.

"और ये शिकायतकर्ता आपकी पत्नी हैं?"

"जी. अभी तक."

मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी फोन उचलून कंपनीला चर्चेला बोलावलं. चर्चा अनौपचारिक होती. पण मंत्रालयातून आलेला फोन अनौपचारिक असला की कंपन्या जास्त घाबरतात, हे मी अनुभवानं सांगतो.

तीन दिवसांनी गुरुग्रामहून कंपनीचा चिराग नावाचा तरुण मंत्रालयात आला. टापटीप, नम्र, टॅबलेटवर बोट फिरवत. टेबलाच्या एका बाजूला तो, समोर अलकनंदा आणि राजाभाऊ, आणि टोकाला मॅडम. मी मिनिट्स लिहायला मॅडमच्या बाजूला. बायकोच्या समोर बसून तिचं बोलणं सरकारी हिंदीत लिहायचं, असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

चिराग अलकनंदाला म्हणाला, "मॅडम, आपके लिए स्पेशल केस. मैं अभी, यहीं से आपकी मशीन खोल देता हूँ. आज शाम से पीसिए. बस यहाँ साइन कर दीजिए कि मामला निपट गया और आप किसी को बताएँगी नहीं."

धनत्रयोदशीला चार दिवस होते. मी अलकनंदाकडे बघितलं. डोळ्यांनी सांगत होतो, कर सही, बाई, कर. टेबल रुंद होतं, पाय पोचत नव्हता.

अलकनंदानं पेन उचललं. मग खाली ठेवलं. तिची बाहेरची हिंदी मराठी वळणाची आहे, पण त्या दिवशी ती कुठं अडली नाही. "भैया, यह कोड श्याम को मिलेगा?"

"कौन श्याम?"

"जिसने सेन्सर लगाया. आपका आदमी बाईस दिन में आता है, वह दस मिनट में आया. और हमारे यहाँ नौ चीज़ें बंद पड़ी हैं. मेरी खुल गई और मैं चुप बैठ गई, तो मैं उन लोगों को चकली किस मुँह से खिलाऊँ?"

चिराग म्हणाला, सुरक्षेचा प्रश्न आहे, बाहेरच्या माणसानं बसवलेल्या पार्टमुळे कुणाचा हात अडकला तर? राजाभाऊ पुढं वाकले. "बेटा, झाकण उघडलं की मोटर थांबते ना? श्यामचा सेन्सरही तोच निरोप देतो, मी मीटर लावून स्वतः पाहिलंय. नऊ वेळा उघडलं. तुझं यंत्र हात वाचवत नाहीये, धंदा वाचवतंय." हे सगळं ते भावनेच्या भरात मराठीत बोलले. चिरागनं माझ्याकडे बघितलं. मी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला, जरा जास्तच स्पष्ट.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजगावकरजी, अनुभाग का मत?"

संकीर्ण अनुभागाला आजवर कुणी मत विचारलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. समोर अठ्ठावीस किलो होते, अहिल्याताईंचं हसू होतं, आणि बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "अनुभाग का मत है कि शिकायतकर्ता सही कह रही हैं. स्पेशल केस नहीं चाहिए. कोड सबके लिए खुलना चाहिए." आणि वर म्हटलं, "विषय इस अनुभाग से संबंधित है."

तेव्हा तिनं पहिल्यांदा बघितलं. पाच दिवसांनी.

चिराग बाहेर जाऊन पाऊण तास फोनवर होता. परत आला तेव्हा त्याचा टाय सैल झाला होता. कंपनीनं मान्य केलं ते असं: त्यांच्या घरघंट्यांचा कोड सहा महिने, दिल्ली आणि आसपास, प्रयोग म्हणून, कुठल्याही मेकॅनिकला मागितल्यावर मिळेल. प्रिंटर आणि प्युरिफायर वेगळ्या कंपन्यांचे. त्यांना मॅडम पत्रं लिहिणार होत्या, आणि पत्रांचे मसुदे अर्थातच मी. आजोबांच्या यंत्राच्या कंपनीला पहिलं पत्र जावं, असं अलकनंदानं मिनिट्समध्ये घालायला लावलं. मी घातलं. जग जिंकलं असं कुणी म्हणणार नाही. पण संध्याकाळी श्यामनं आमच्या बाल्कनीत बसून स्वतःच्या मोबाइलवरून तो कोड घातला, आणि घरघंटीतली बाई म्हणाली, "पुर्ज़ा स्वीकार किया गया." श्यामनं तिला वाकून नमस्कार केला.

पुढचे दोन दिवस घरात पीठच पीठ. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून गेले की छत पडतंय का. मंडळातल्या सहाजणी तळायला आल्या. तिसऱ्या दिवशी अहिल्याताईही आल्या, अनाहूत, स्वतःचा सोऱ्या घेऊन. त्यांनी पहिली चकली मोडून वास घेतला, खाल्ली, आणि काहीही न बोलता पदर खोचून कढईशी बसल्या. कढईशी त्यांचा हात अलकनंदापेक्षा चांगला आहे, हे मी इथं लिहितोय, घरात बोललो नाही.

शेवटचा घाणा चालू असताना अलकनंदाचा फोन वाजला. तिचे हात पिठात होते, म्हणून मी स्पीकर चालू करून धरला. एक मुलगी अगदी गोड बोलत होती, "मॅडम, शिकायत निवारण के फीडबॅक सेंटर से बोल रही हूँ. आपकी शिकायत का निपटारा अधिकारी श्री शांताराम आजगावकर ने किया. आप उनके काम से कितनी संतुष्ट हैं? उत्कृष्ट, अच्छा, साधारण, ख़राब."

सहाही बायकांचे सोरे थांबले. फोन माझ्या हातात होता आणि मी एक हातभर अंतरावर उभा होतो. अलकनंदानं माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

"पहले निपटारे का पूछ रही हैं या दूसरे का?"

"मॅडम, सिस्टम में एक ही आता है."

"तो साधारण लिखिए."

साधारण. एकोणतीस वर्षं, एक प्रशस्तिपत्र, आणि साधारण. माझा चेहरा पडला असणार, कारण अहिल्याताईंनी माझ्या ताटलीत आणखी दोन चकल्या टाकल्या.

"कोई सुझाव, मॅडम?" मुलीनं विचारलं.

अलकनंदानं कढईतली चकली उलटली. "हाँ, लिखिए. अधिकारी में ख़राबी थी, पर मरम्मत घर पर ही हो गई. कंपनी को वापस भेजने की ज़रूरत नहीं."

पलीकडे मुलगी एकेक शब्द टाइप करत असल्याचा आवाज येत होता. "जी, दर्ज कर लिया," ती म्हणाली. मी फोन बंद केला. अलकनंदा पिठाच्या हातानं घाम पुसत होती, कपाळावर पांढरा पट्टा उमटला होता.

"अहो," ती म्हणाली, "उभे काय राहिलात, तो डबा धरा इकडे."